अकरा महिन्यांनंतरची भाडेवाढ: हिशेब मालकांचा आणि आपला

करार संपायला महिना-दीड महिना उरला की मालकांचा फोन येतो. आधी तब्येतीची चौकशी, मग सोसायटीतल्या पाण्याच्या टँकरची रड, आणि शेवटी मुद्दा: "यंदा थोडं वाढवावं लागेल हं, सगळीकडे रेट वाढलेत." पुण्या-मुंबईत भाड्यानं राहणाऱ्याला हा फोन नवा नाही. त्यावर सहसा दोनच उत्तरं दिली जातात. एक तर "बरं काका, चालेल", नाहीतर कुठंतरी ऐकलेला कायदा: "चार टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही." पहिल्या उत्तरात पैसे जातात, दुसऱ्यात पत जाते. चार टक्क्यांचा नियम खरा आहे, पण तो आपल्यासाठी नाही.

ते चार टक्के कुणाचे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे घरमालकाला भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करता येते. हे कलम जुन्या अर्थाच्या भाडेकरूंचं आहे: गिरगाव-लालबागच्या चाळींतले, पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांतले, पागडीवर घर घेतलेले. मुंबईत ही भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवली होती. १९४७ चा मुंबई भाडे कायदा मुळात तात्पुरता होता, पण त्याची मुदत वाढतच राहिली. डिसेंबर १९९७ मध्ये मल्पे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे गोठवणं काळाच्या ओघात अवाजवी झालंय असं म्हटलं, आणि त्यानंतर आजचा कायदा आला.

आपण फ्लॅट घेतो तो 'लिव्ह अँड लायसन्स'वर. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातली ही कल्पना आहे. मालक आपल्याला घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायची परवानगी देतात, घरात आपला हक्क काही निर्माण होत नाही. बोलताना आपण सगळेच 'भाडं' आणि 'भाडेकरू' म्हणतो, या लेखातही तेच म्हणतोय, पण कागदावर ते 'लायसन्स फी' असतं आणि तिच्या वाढीला कायद्यात कमाल मर्यादा नाही. मुदत चालू असताना करारात लिहिलंय त्याहून एक रुपया जास्त मागता येत नाही. मुदत संपल्यावर मालकांनी २५ हजारांचे ४० हजार मागितले तरी ते बेकायदा नाही.

एवढ्यावर थांबत नाही. मुदत संपल्यावरही "आधी भाडं ठरू दे, मग बघू" म्हणत आपण घर अडवून बसलो, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतात, आणि राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. त्या कार्यवाहीत बचाव मांडायचा तरी आधी प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी घ्यावी लागते. म्हणून घासाघीस करताना 'हलणार नाही, काय करायचं ते करा' हा पवित्रा घेऊ नये. मालकांनाही स्वतः कुलूप बदलून किंवा सामान बाहेर ठेवून घर खाली करून घेता येत नाही. त्यांनाही त्याच प्राधिकाऱ्याकडं जावं लागतं.

त्याच कायद्यात आपल्या बाजूचं कलम एकच, ५५ क्रमांकाचं. महाराष्ट्रात करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, आणि नोंदणीची जबाबदारी मालकांची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बाकी देशात अकरा महिन्यांची पद्धत पडली ती वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला लागणारी नोंदणी टाळायला. आपल्याकडं नोंदणी टळतच नाही, तरी अकरा हा आकडा टिकून आहे. ब्रोकर मंडळींची त्याबद्दल काही तक्रार नसावी.

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून 'नवा भाडे कायदा आला, दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट घेता येणार नाही' असा मेसेज फिरतो. तो बहुधा केंद्रानं जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याबद्दल असतो. तो नमुना आहे. राज्यानं त्या धर्तीवर स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो कुणालाही लागू होत नाही. तो मेसेज मालकांना पाठवू नका.

मग वाढ ठरते कशावर?

कायदा आकडा ठरवत नसेल तर तो ठरतो एकाच प्रश्नावर: घर रिकामं झालं तर कुणाचं किती जातं? हे दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर मांडल्याशिवाय फोन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण फक्त आपलं मांडतो, आणि तेही भीतीनं फुगवून.

समजा भाडं २५,००० आहे आणि मालक २८,००० मागतायत. आपल्याला २६,००० परवडतंय. आपण निघालो आणि दुसरा भाडेकरू यायला एक महिना लागला, तर मालकांना अकरापैकी दहा महिन्यांचं भाडं मिळेल: २८,००० प्रमाणे २,८०,०००. आपण २६,००० वर राहिलो तर अकरा महिन्यांचे २,८६,०००. म्हणजे मागितलेलं पूर्ण भाडं देणारा माणूस सापडूनही मालक सहा हजारांनी मागेच. त्यात रंगकाम काढलं तर खर्च पाच आकडी होतो, त्या महिन्याचं मेंटेनन्स खिशातून जातं, आणि नवा माणूस कसा निघेल याची धाकधूक वेगळी. मालक परदेशी किंवा दुसऱ्या शहरात असतील तर घर दाखवायला किल्ली घेऊन जाणार कोण, इथपासून सुरुवात असते. तिथं रिकामा महिना सहज दीड-दोन होतो.

आता आपलं. तेवढ्याच, २५ हजारांच्या दुसऱ्या घरात जायचं तर एक महिन्याची ब्रोकरेज २५,०००. टेम्पो, हमाल, एसी काढणं-बसवणं, इंटरनेट हलवणं मिळून १२,००० धरू. दोन्ही घरांचं भाडं आठवडाभर एकदम भरावं लागतं, ते ६,०००. झाले ४३,०००. अकरा महिन्यांत वाटले तर महिन्याला ३,९०० च्या आसपास. याचा अर्थ मालकांची तीन हजारांची वाढ जशीच्या तशी मान्य केली तरी त्या वर्षापुरतं राहणंच स्वस्त पडतं! पण नव्या घरात दोन करार, म्हणजे बावीस महिने काढणार असाल तर तोच खर्च महिन्याला १,९५० वर येतो आणि हलणं परवडतं. त्यामुळं 'हलायचं का' याचं उत्तर भाड्यात नसतं, आपण या शहरात अजून किती दिवस आहोत यात असतं.

दोन्ही हिशेब एकत्र ठेवले की कळतं, २५ आणि २८ च्या मध्ये बरीच जागा आहे जिथं दोघांचाही फायदा आहे. तिथला कुठला आकडा पडतो हे बोलण्यावर ठरतं.

आपलं हलणं किती अवघड आहे हे मात्र सगळ्यांसाठी सारखं नाही. मुलाची शाळा शेजारी असेल, घरात आजी-आजोबा असतील, तर मालकांना ते माहीत असतं. एकट्या मुलांना, एकट्या बायकांना, किंवा आडनाव आणि स्वयंपाकघर बघून दार लावून घेतलं जातं अशांना दुसरं घर शोधायला जास्त दिवस लागतात, आणि त्याची किंमत त्यांच्याकडून वसूल होते. हे अन्यायाचं आहे. पण हिशेब करताना तो वेळही धरावाच लागतो.

फोन करण्याआधी

"मार्केट रेट" हा शब्द मालक वापरतात तेव्हा त्यांनी बहुधा एखाद्या साइटवरची जाहिरात पाहिलेली असते. जाहिरातीतलं भाडं हे मागितलेलं भाडं. मिळालेलं भाडं वेगळं असतं. ते कळायला सोसायटीचा वॉचमन, शेजारच्या विंगेतले भाडेकरू आणि दुसरा एखादा ब्रोकर पुरेसे आहेत. वॉचमनला कुठला फ्लॅट किती दिवस रिकामा आहे हेही माहीत असतं, आणि ते भाड्याइतकंच कामाचं. शिवाय लिव्ह अँड लायसन्सचे करार नोंदवलेले असल्यामुळं नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर 'ई-सर्च'मध्ये सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या कराराचा गोषवारा, बघता येते. तिथं भाडं आणि डिपॉझिट लिहिलेलं असतं. साइट संयमाची परीक्षा बघते, पण आपल्याच इमारतीतला एक ताजा करार सापडला तरी बोलणं बदलतं.

मालकांची बाजूही तपासून घ्यावी, कारण कधीकधी ते खरं बोलत असतात. पुण्यात स्वतः राहणाऱ्यांना मिळकत करात ४० टक्के सवलत मिळते, भाड्यानं दिलेल्या घराला ती नाही. सोसायटी भाडेकरू असलेल्या फ्लॅटवर ना-वापर शुल्क लावते. तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे. "सोसायटीनं भाडेकरूंचे पैसे डबल केलेत" असं कारण आलं तर बिल बघायला मागावं. कधीकधी त्या बिलावरून मालकांनाच सोसायटीशी भांडायचा मुद्दा मिळतो आणि आपण बाजूला राहतो.

वेळेचंही बघावं. पुण्यात जून-जुलैमध्ये कॉलेजं सुरू होतात, बदल्यांची कुटुंबं येतात, तेव्हा घरं हातोहात जातात. पितृपक्षात घर बदलायला बरेच लोक नको म्हणतात, आणि दिवाळीच्या तोंडावरही कुणाला टेम्पो बोलवायचा नसतो. करार सप्टेंबरमध्ये संपत असेल तर रिकाम्या महिन्याची भीती मालकांच्या बाजूला जास्त असते. करार जूनमध्ये संपत असेल तर आपणच दोन महिने आधी विषय काढावा. शेवटच्या आठवड्यात काढलेल्या विषयाला घासाघीस म्हणत नाहीत, विनवणी म्हणतात.

बोलायचं कसं?

ब्रोकरमार्फत नको, थेट. ब्रोकर वाईट असतात असं नाही, पण त्यांचं पोट फिरत्या घरांवर चालतं. 'रिन्यूअल'साठी ते अर्ध्या महिन्याचं भाडं मागतात तेव्हा तीही भाडेवाढच असते: १२,५०० भागिले अकरा, म्हणजे महिन्याला ११०० च्या वर. नुसता करार नोंदवून द्यायला बायोमेट्रिक मशीन घेऊन घरी येणारे एजंट असतात, ते याच्या एका तुकड्यात काम करतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा टाकून मोकळं होण्यापेक्षा मालक शहरात असतील तर भेटून यावं. साधारण असं:

"काका, घर आम्हाला आवडलंय आणि अजून दोन वर्षं तरी हलायचा विचार नाही. भाडं पाच तारखेच्या पुढं कधी गेलं नाही, तुम्ही बघितलंच आहे. बी विंगमधला टू बीएचके गेल्या महिन्यात साडेपंचवीसला गेला, तिथं किचनही नवं आहे. मी सव्वीस देतो. करार दोन वर्षांचा करू, आणि पुढच्या वर्षीची पाच टक्के वाढ आत्ताच लिहून टाकू."

यात उपकाराची भाषा नाही आणि धमकीही नाही. मालकांना हवी असलेली गोष्ट, म्हणजे निवांतपणा, आपण विकायला काढलीय. एवढं बोलून गप्प बसावं. बहुतेक काका त्यावर "मुलाशी बोलून सांगतो" म्हणतील. सांगू द्या. त्याच संध्याकाळी घाबरून "बरं, सत्तावीस" असा मेसेज टाकू नका. आपल्याला नोकरीत किती वाढ मिळाली, शाळेची फी भरून झालीय, हे या आठवड्यात लिफ्टमध्ये सांगायची गरज नाही.

आकडा हलेनासा झाला तर आजूबाजूचं मागावं. बाथरूमचा गळका नळ, खिडक्यांना जाळ्या, जुना गिझर, हॉलचा रंग. मालकांना एकदाचा खर्च सोपा वाटतो, आपल्याला रोजचा उपयोग होतो. वाढ दोन टप्प्यांतही घेता येते: सहा महिने २६,०००, पुढचे २७,०००. डिपॉझिट वाढवून भाडं कमी करायचा प्रस्ताव आला तर व्याजाचं गणित करावं. लाखभर रुपये सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला सात हजार, म्हणजे महिन्याला ५८० च्या आसपास मिळतात. तेव्हा भाड्यात त्याहून बरीच जास्त सूट मिळत नसेल तर एवढे पैसे अडकवण्यात अर्थ नाही. 'हेवी डिपॉझिट', म्हणजे मोठी रक्कम ठेवून भाडं अगदी कमी किंवा शून्य, यापासून मी तरी लांबच राहीन. घरावर मालकांचं कर्ज थकलेलं असेल तर आपले दहा-पंधरा लाख मागायचे कुणाकडं?

आणि एक प्रस्ताव गोड वाटला तरी नाकारावा: "करारात बावीस दाखवू, बाकी रोख द्या." कलम २४ च्या वादात लेखी करारात लिहिलंय तेच अखेरचं धरलं जातं. एचआरए, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची करसवलत, घेणाऱ्यांना कमी आकड्याचा थेट तोटा, आणि रोख दिलेल्या पैशांची पावती कुणी देत नाही.

खरी घासाघीस पहिल्या दिवशी

इतकं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं की नूतनीकरणाच्या वेळी आपला जोर कमीच असतो. तो सर्वांत जास्त असतो घर पहिल्यांदा घेताना, टोकन द्यायच्या आधी. तेव्हा आपण डिपॉझिटवर आणि रंगावर भांडतो आणि 'मुदतीनंतर १० टक्के वाढ' या छापील ओळीवरून नजर फिरवतो. ती ओळ काय करते बघा. भाडं २०,००० असेल तर दहा टक्क्यांनी तीन वेळा वाढून २६,६२० होतं. पाच टक्क्यांनी २३,१५२. महिन्याला जवळजवळ साडेतीन हजारांचा फरक एका आकड्यानं पडतो, आणि तो आकडा पहिल्या दिवशी बदलायला तोंडी विनंतीही पुरली असती.

त्याहून चांगलं म्हणजे करारच लांब करणं. बरेच मालक दचकतात: "तीन वर्षं? घर बळकावलं म्हणजे?" ही भीती जुन्या भाडे कायद्याच्या दिवसांतली आहे आणि त्या पिढीला ती अनुभवानं आलीय, तिची थट्टा करू नये. कलम २४ चं संरक्षण अकरा महिन्यांच्या करारालाही तेवढंच आणि छत्तीस महिन्यांच्या करारालाही तेवढंच आहे, हे शांतपणे सांगावं. खर्चही फारसा नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. पहिलं वर्ष २६,००० आणि दुसरं २७,३०० असं दोन वर्षांचं भाडं ६,३९,६०० होतं. एक लाख डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज २०,००० धरतात. शुल्क येतं साधारण साडेसोळाशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, तीही एकदाच.

लांब करार करताना एक कलम मात्र डोळ्यांत तेल घालून वाचायचं. छापील मसुद्यात 'दोन्हीपैकी कुणीही एक महिन्याच्या नोटिशीनं करार संपवू शकतो' असं असतं. मग तीन वर्षांच्या कराराला काही अर्थ उरत नाही. वर्षभरानं मालक नोटीस देतील आणि नव्या भाड्याचं बोलतील. म्हणून लॉक-इन, म्हणजे करार मोडता येणार नाही असा काळ, दोघांचं वेगळं लिहून घ्यावं: आपल्यासाठी चार-सहा महिने, आणि मालकांसाठी, भाडं थकलं नाही तर, पूर्ण मुदत. मालक पूर्ण मुदत मान्य करणार नाहीत, पण अठरा महिन्यांवर यायला बरेच जण तयार होतात.

बोलणं फिसकटलं तर कटुता न आणता लेखी कळवावं की अमुक तारखेला घर सोडतोय, आणि पुढचे भाडेकरू घर बघायला येतील तेव्हा दार उघडावं. डिपॉझिट परत करणारे हेच काका असतात. निघताना खोल्यांचे, नळांचे, मीटरच्या आकड्याचे फोटो त्यांच्यासमोरच काढावेत.

जमलं तर ठरलेला आकडा, तारीख आणि कबूल केलेली दुरुस्ती त्याच दिवशी मेसेजवर लिहून पाठवावी, "ठरल्याप्रमाणे" या शब्दानं सुरुवात करून. एजंट मसुदा पाठवेल तो बहुधा मागच्या वर्षीचाच असतो, तारखा बदललेला. त्यात जुनं डिपॉझिट 'आधीच मिळाले आहे' असं रकमेसह आलंय का, वाढीचा टक्का आणि लॉक-इन आपण ठरवलं तेच आहे का, हे बघावं. ते सगळं वाचून झाल्यावरच मशीनवर अंगठा ठेवावा.